गळ्यातल्या चौघी

३१ जानेवारी

चिमटाबाई,

फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. माझ्या गळ्यातून आवाज म्हणून जे काही निघतंय ते ऐकलंस तर रडशील, नाहीतर हसशील, आणि मला दोन्ही नकोय. आवाजाची नस जरा दुखावली आहे, दोन-तीन महिन्यांत ताळ्यावर येईल, असं तुमचे सर्जन म्हणाले. बसमधली अडतीस पोरं जिला भोंगामावशी म्हणतात तिचा भोंगा बंद. तोवर पत्रं. तुझ्या आईला चार ओळी लिहायच्या म्हटलं की अंगावर काटा येतो. माझी बहीण असूनही हा आळस तिने कुठून आणला देव जाणे. तू तिच्यावर गेली नाहीस हे माझं नशीब.

टाके सुकले. गळ्यावर बारीक लाल रेघ आहे, शेजारीण म्हणते माळ घातल्यासारखी दिसते. बाकी तब्येत ठणठणीत. फक्त ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. सकाळी जास्त. सर्जननी पंधरा दिवसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात, गोळी घेतली की तासाभरात मुंग्या पळतात. खडूच खातेय असं वाटतं.

आता मुद्द्याचं. "मावशी, तुझी गाठ आमच्या प्रयोगशाळेत आली की तिला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही, चिमट्यात धरून मीच कापणार," असं तू म्हणाली होतीस. कापलीस का? कशी होती? एवढी वर्षं गळ्यात बाळगली, मला तोंड बघायला मिळालं नाही. आणि त्या मुंग्यांचं काय ते तुझ्या साहेबांना विचार. मला पुढच्या महिन्यात बस हातात घ्यायची आहे. बदली ड्रायव्हर उतारावर गिअर असा टाकतो की माझ्या गाडीचं रडणं मला घरात ऐकू येतं.

तुझी,
मावशी


४ फेब्रुवारी

मावशी,

तुझ्या पत्राची वाटच बघत होते. आधी आनंदाची बातमी: कॅन्सर नाही. साहेबांनी गाठीच्या चकत्यांच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा बघितल्या. साधी गाठ होती, पण वाढत वाढत श्वासनलिकेवर बसली होती, म्हणून अख्खी थायरॉईड काढावी लागली.

हो, मीच कापली. त्या दिवशी टेबलावर अकरा बरण्या होत्या, तुझी मी सगळ्यांत शेवटी घेतली, म्हणजे घाई नको. ओळीत सगळ्यांच्या चिठ्ठ्या सारख्याच असतात, पण तुझं नाव मी तीनदा वाचलं हे कबूल करते. मग मात्र मन लावून काम केलं. मला शिकवणाऱ्या जुन्या बाई म्हणायच्या, वजन गाठीचं लिहायचं, चरबीचं नाही. मी गाठीवरची चरबी, पडदे, चिकटलेली कणी न् कणी सोलून काढते. विभागात माझ्या नमुन्यांचे फोटो नव्या लोकांना दाखवतात. तुझी गाठ तर मी अशी लख्ख केली की साहेब म्हणाले, "ही कापायला जिवावर येतं." सत्त्याऐंशी ग्रॅम. आता फुशारकी मारायला तुझ्याकडे आकडा आहे.

मुंग्यांचं सांगते. थायरॉईडच्या पाठीला चार ग्रंथी चिकटलेल्या असतात, पॅराथायरॉईड. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पिवळट तपकिरी, चरबीत लपून बसणाऱ्या. त्यांचं काम एकच, रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं. जरा कमी झालं की या चौघी एक रस सोडतात. मग हाडं आपल्या साठ्यातलं थोडं देतात आणि मूत्रपिंडं आहे ते वाया जाऊ देत नाहीत. कॅल्शियम नसलं तर नसांना धरबंध राहत नाही, कुणी न सांगता त्या स्नायूंना ओढायला लागतात. ऑपरेशनमध्ये चौघींना धक्का लागतो, थोडे दिवस त्या रुसतात, म्हणून मुंग्या. कधीकधी चुकून गाठीबरोबर निघूनही येतात. पण तुझ्या अहवालात साहेबांनी स्पष्ट लिहिलंय: नमुन्यात पॅराथायरॉईड आढळल्या नाहीत. म्हणजे चौघी तुझ्या गळ्यात सुखरूप आहेत. सर्जननी अहवाल बघून सांगितलंय, पंधरा दिवस झाले की गोळ्या बंद. अहवालाची प्रत तुझ्या डॉक्टरांना पाठवली आहे.

तेव्हा निश्चिंत राहा आणि भोंग्याला विश्रांती दे.

तुझी,
चिमटाबाई


१३ फेब्रुवारी

चिमटाबाई,

सत्त्याऐंशी ग्रॅम सगळ्या गल्लीला सांगून झालं. शेजारणीच्या पित्ताच्या खड्याचं तोंड आता बंद आहे.

गोळ्या सर्जननी सांगितल्याप्रमाणे सहा तारखेला थांबवल्या. तुझ्या त्या चौघींचा रुसवा मात्र गेलेला दिसत नाही. मुंग्या आता मनगटापर्यंत येतात. पिंडऱ्यांत गोळे येतात, पाय भिंतीला लावून उभी राहते. आणि एक गंमत. कानातलं काढताना बोट कानापुढे गालावर आपटलं, तर ओठाचा कोपरा टुणकन उडाला. पुन्हा आपटलं, पुन्हा उडाला. तुझे काका म्हणाले, तोंड वेडंवाकडं करायला तुला आता बटण मिळालं.

काल डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आणि ते घड्याळाकडे बघत असताना माझा हात आपला आपण वळला. अंगठा तळहातात घुसला, बोटं सरळ ताठ आणि एकमेकांना चिकटलेली, मनगट खाली. दुखलं गं. हवा सोडल्यावर दोन मिनिटांनी सुटला. डॉक्टरांनी तुमचा अहवाल काढला, वाचला, आणि म्हणाले, "ग्रंथी शाबूत आहेत, म्हणजे कॅल्शियमचा प्रश्न नाही. तुम्ही भीतीने जोरजोरात श्वास घेता. मन शांत ठेवा." मन शांत ठेवायची गोळी दिली. मी आयुष्यात कशाला भ्यायले आहे ते त्यांना विचारायचं होतं, पण आवाज फुटला नाही.

असो. त्यांनी गाडी चालवायच्या दाखल्यावर सही केली. "अहवाल इतका स्वच्छ आहे, कशाला अडवू?" म्हणाले. येत्या सोमवारी सकाळी सव्वासातला भोंगामावशी पुन्हा ड्रायव्हरच्या खुर्चीत. मुक्याने का होईना.

तुझी,
मावशी


१६ फेब्रुवारी

मावशी,

पत्र मिळालं. रक्तातलं कॅल्शियम तपासून घे. उद्याच. डॉक्टर नको म्हणाले तरी. आणि तपासणी होईपर्यंत बस चालवू नकोस. घरात गोळ्या उरल्या असतील तर घे.

काळजीचं काही नाही. माझी आपली सावधगिरी. इथे कामाचा डोंगर आहे, म्हणून एवढंच.

चिमटाबाई


२१ फेब्रुवारी

काय गं,

हे पत्र होतं की तार? सहा ओळी आणि त्यात तीन हुकूम. कुणाशी भांडण झालंय का तिथे? साहेब बोलले का काही? माझ्यावर कशाला काढतेस?

रक्त तपासायचं तर नमुना बाहेर पाठवावा लागतो, डॉक्टर म्हणतात, अहवाल असताना कशाला टोचून घेता. परीक्षा झाल्या की शाळेला सुट्टी लागेल, तेव्हा स्वतः जाऊन येईन. तुझं पत्र आलं तोवर मी तीन दिवस बस चालवून मोकळी झाले होते. पोरांनी टाळ्या वाजवून स्वागत केलं. गालाची गंमत त्यांना दाखवली, आता रोज चढताना प्रत्येकाला ती बघायची असते. "मावशी, पुन्हा करा ना." पुढच्या बाकावरच्या दोन वेण्यांच्या पोरीला तर स्वतः टिचकी मारायची असते. मारू देते. ओठ उडतो, बस हसते.

तू मला घाबरवू नकोस. मी सव्वीस वर्षं ही गाडी चालवली, आरशाला ओरखडा नाही.

एक लिहू की नको असं चाललं होतं, लिहिते. काल शाळेच्या अलीकडच्या उतारावर डावा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. म्हणजे सुटेना. उजव्या हाताने एकेक बोट उचकटून काढलं. गाडी सावकाश होती, काही झालं नाही. पोरांना कळलं नाही, फक्त त्या वेण्यावालीने विचारलं, "मावशी, तुमचा हात रागावलाय का?" मी म्हटलं, हो, तुझ्या टिचकीवर.

काकांना हे सांगायचं नाही. किल्ली काढून घेतील, आणि घरात बसून मी काय करू? फोन धरून बोलायचा आवाज नाही, बस नाही, मग माझं राहिलं काय?

मावशी


४ मार्च

मावशी,

हे पत्र लिहायला मला सतरा दिवस लागले. मी दिवस मोजलेत, तूही मोज.

तुझं तेरा तारखेचं पत्र मी विभागातच, जेवणाच्या सुट्टीत उभ्याने वाचलं. हात वळला हे वाचलं आणि डबा झाकून ठेवला, कारण तो हात पुस्तकात आहे. अंगठा आत, बोटं सरळ. कॅल्शियम घसरलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधला की हात तसा होतो. गालाचंही तेच. आणि लगेच मला माझं टेबल आठवलं. मी तुझ्या गाठीवरून सोललेली चरबी.

साहेब काचेवर जे येतं तेच बघतात. काचेवर काय जायचं ते मी ठरवते. जे सोललं ते मी काचेवर पाठवलंच नाही. ते पुरचुंडीत बांधून बरणीत परत टाकलं, कारण बरणी आठ आठवडे ठेवायचा नियम आहे, मग जाळायला जाते. साहेबांना आढळल्या नाहीत, कारण मी त्यांना दाखवल्या नाहीत.

सतरा तारखेला, तू पहिल्या दिवशी बसमध्ये चढलीस त्या सकाळी, मी तुझी बरणी उघडली. पुरचुंडी सोडली. बरणीतल्या फॉर्मॅलिनच्या वाफेने डोळे झोंबत होते, तरी दिसल्या. बघणाऱ्याला साध्या डोळ्यांनी दिसतात. तीन होत्या. चौथी तुझ्या गळ्यात असलीच तर तिचा रक्तपुरवठा तुटला असणार. मी झाकण लावलं, बरणी फळीवर ठेवली आणि दिवसभराचं काम पूर्ण केलं. त्या दिवशीही माझ्या नमुन्यांचं कौतुक झालं.

फोन उचलून तुझ्या डॉक्टरांना एका मिनिटात सांगता आलं असतं. मला भीती वाटली. नोकरीची, साहेबांच्या तोंडाची, नऊ वर्षं जो मान मिळाला त्याची. मी ते तीन हुकूम लिहिले आणि स्वतःची समजूत घातली, एवढं सांगितलंय, ती तपासून घेईल. मग तुझं उताराचं पत्र आलं. त्यानंतरही मी आठवडाभर... मावशी, मला कारण सांगता येत नाही. रोज सकाळी सव्वासात वाजले की मी घड्याळाकडे बघायचे, आणि साडेआठला फोन आला नाही की श्वास सोडायचे.

काल त्या तीन दाण्यांच्या काचा केल्या. आज सकाळी साहेबांपुढे ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी तिन्ही काचा बघितल्या. नंतर म्हणाले, "आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लाव." साडेअकराला लावला. कंपाउंडर म्हणाला, डॉक्टर सकाळीच तातडीने बाहेर गेलेत, शाळेकडे. कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं. निरोप लिहून घ्यायला लावला, दोनदा वाचून घेतला. तुझ्या घरचा फोन कुणी उचलत नाही.

हे पत्र टाकते आणि पुन्हा फोन लावते. मावशी, आज बस चालवली नसशील ना?

चिमटाबाई


२३ मार्च

चिमटाबाई,

अक्षर वाकडं आहे, लावून वाच. तू दवाखान्यात दोनदा आलीस ते मला माहीत आहे. दोन्ही वेळा मी डोळे मिटून घेतले. बोलायचं नव्हतं. लिहिताना माणसाला मध्येच कुणी रडून अडवत नाही, म्हणून लिहिते.

चार तारखेला, तू फोन केलास त्याच्या साधारण चार तास आधी, त्याच उतारावर, दोन्ही हात वळले. एकदम. उचकटायला हात उरला नाही. पाय ब्रेकवर होता, तोही ताठला, म्हणून गाडी निदान थांबायला बघत होती. मी कोपरांनी स्टिअरिंग डावीकडे रेटलं, शाळेच्या भिंतीकडे, उजवीकडे दरी होती म्हणून. ओरडायला गेले, "पकडून बसा," तर घसा आतून मिटला, श्वाससुद्धा येईना. भिंत आली तेवढं आठवतं. पुढे मला झटके आले म्हणतात. पोरांनी ते बघितलं. काही जणांना वाटलं मी गालाची गंमत करतेय, ती हसत होती.

छत्तीस पोरांना खरचटण्यापलीकडे काही नाही. एकाच्या कपाळाला सहा टाके. वेण्यावाली पुढच्या बाकावर होती. तिचा हात दोन ठिकाणी मोडला, त्यात सळई घातली आहे, आणि डाव्या डोळ्याचं काय होईल ते अजून सांगत नाहीत. तिची आई मला भेटायला आली. नुसती खुर्चीत बसून राहिली आणि गेली.

मोठ्या दवाखान्यात फेफरं समजून झोपेची इंजेक्शनं देत होते. झटके थांबत नव्हते. डॉक्टर तुझा निरोप हातात घेऊन धावत आले, तेव्हा कुठे सलाईनमधून कॅल्शियम सोडलं. दहा मिनिटांत माझी बोटं उघडली, काकांनी स्वतः बघितलं. म्हणजे तुझ्या फोनने मी जगले. आणि सतरा दिवस आधी केला असतास तर त्या पोरीचा डोळा शाबूत असता. दोन्ही खरं आहे, दोन्ही तुझ्याजवळ ठेव.

माझंही सांगते, तुझ्या एकटीच्या डोक्यावर नको. हात अडकला होता हे मला माहीत होतं आणि मी पुढे बारा दिवस गाडी काढली. मी तुला लिहिलं, कारण तू लांब होतीस. जवळच्या कुणाला सांगितलं नाही, कारण ते थांबवतील. आपण दोघी एकाच मातीच्या.

आता मी दिवसातून सहा वेळा गोळ्या खाते, जन्मभर खायच्या. बस गेली. माझ्या खाटेशी बसून तू विचारलंस, माफ करशील का. मला ठाऊक नाही. सध्या तुझ्यावर माया आहे आणि रागही आहे, आणि दोन्हींना मी वेगळं काढत बसत नाही.

पण इथे पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू लिहिलंस, नऊ वर्षं. माझी गाठ तू मन लावून जरा जास्तच सोललीस, ठीक. पण सवय तर रोजची. मग माझ्या आधी ज्यांच्या गाठी तुझ्या टेबलावर आल्या, त्या बाया कुठे आहेत? त्यांच्या हातात कुणी स्वच्छ अहवाल दिला? त्यांना मावशी म्हणणारं तुमच्या विभागात कुणी नव्हतं, म्हणून त्यांची बरणी कुणी पुन्हा उघडली नाही.

हे विचारल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती.

मावशी


१४ एप्रिल

मावशी,

उत्तराला वेळ लागला, कारण काम चालू होतं.

बरण्या राहिलेल्या नाहीत, आठ आठवड्यांनी जातात. वह्या आहेत. साहेब आणि मी बसून नऊ वर्षांच्या वह्या काढल्या. पूर्ण थायरॉईड काढलेल्या, माझ्या हाताखालून गेलेल्या, आणि "पॅराथायरॉईड आढळल्या नाहीत" असं लिहिलेल्या अडुसष्ट जणी निघाल्या. इतर टेबलांवर दर आठ-दहा गाठींमागे एकीत तरी ग्रंथी सापडल्याची नोंद आहे. माझ्या नऊ वर्षांत एकदाही नाही. साहेब म्हणाले, "हे मला आधी दिसायला हवं होतं. मला वाटायचं, तुझे नमुने चांगले असतात." मी कापायचं काम सोडलं आहे, चौकशी होईल, होऊ दे. फोन मीच करायचे असं मी मागून घेतलं.

पहिल्या बाईंना काहीच त्रास नाही, त्या मला आशीर्वाद देऊन मोकळ्या झाल्या. दुसऱ्या बाई गेली चार वर्षं मुंग्यांसाठी मानेला पट्टा लावतात. त्यांना त्याच दिवशी रक्त तपासायला लावलं. कॅल्शियम इतकं कमी निघालं की त्यांच्या डॉक्टरांनी नमुना पुन्हा मागवला. त्या आता दाखल आहेत, सुधारतायत.

तिसरा फोन एका गृहस्थांनी उचलला. मी त्यांच्या पत्नीचं नाव घेतलं. म्हणाले, ती जाऊन पाच वर्षं झाली. मी विचारलं, कशाने. म्हणाले, ऑपरेशननंतर हात वाकडे करायची, श्वास कोंडला म्हणायची, घर डोक्यावर घ्यायची. डॉक्टरांनी अहवाल बघून सांगितलं होतं, सगळं मनाचं आहे, फार लक्ष देऊ नका. म्हणून लक्ष दिलं नाही. एका दुपारी ती स्वयंपाकघरात पडली, तेव्हाही ते बाहेरच्या खोलीत बसून होते, थोड्या वेळाने उठेल म्हणून.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं. मी काय केलं तेही सगळं सांगितलं. 

मग ते म्हणाले, "म्हणजे ती नाटक करत नव्हती?"

मी म्हणाले, नाही. नव्हत्या करत.

चिमटाबाई